दोना पावलहून शिडाची होडी आणि बांबोळीला जेवण: कसं जमवायचं

गोव्यात होडी म्हटली की सगळ्यांना मांडवीवरची गाण्याबजावण्याची क्रूझच आठवते, पण एकदा शिडाची होडी घेऊन बघा. स्कीपरसकट (म्हणजे होडी चालवणाऱ्यासकट) मिळते, आपल्याला काही येत नसलं तरी चालतं. सीझन नोव्हेंबर ते मार्च, पावसाळ्यात विषयच नको.

आता मेन गोष्ट, तारीख शनिवार-रविवार बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. आपल्या कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. म्हणजे द्वितीयेला दीड वाजता पूर्ण भरती, आणि अष्टमीला सहा वाजता, म्हणजे ऐन दुपारी ओहोटी. मी पहिल्यांदा अष्टमीलाच गेलो होतो, बांबोळीच्या अलीकडेच पाणी इतकं उथळ की नांगर लांबच टाकावा लागला, आणि रिसॉर्टपर्यंत चप्पल हातात धरून चिखलातून चालत. वर कालवांच्या शिंपल्यांनी तळपाय कापला तो वेगळाच. त्यामुळे पट्ट्याचे सँडल घाला आणि प्रतिपदा-द्वितीया पकडा (मोबाईलवर भरतीचं टेबल पण बघून घ्या, पाऊणपट शेवटी अंदाजच).

सकाळी आठच्या आत निघायचं. तेव्हा जमिनीवरून मतलई वारा असतो, तो तुम्हाला आरामात काबोच्या टोकाकडे नेतो, वर राज्यपालांचा बंगला दिसतो आणि समोर मुरगाव बंदरातली मोठी जहाजं. त्यांच्या वाटेत जायचं नाही, त्यांना पटकन थांबता येत नाही. मच्छीमारांच्या जाळ्यांचे बोये (तरंगत्या खुणा) पण लांबून चुकवायचे.

अकराच्या सुमारास वारा पडतो, होडी नुसती डुलते, ज्यांना बोट लागते त्यांचे हाल इथेच, गोळी आधीच घ्या. मग समुद्राकडे नजर ठेवा, लांब पाण्यावर काळपट सुरकुत्या पुढे सरकताना दिसल्या की समुद्रावरचा वारा आलाच. शीड फडफडतं आणि एकदम ताठ होतं. स्कीपर "तकली सांबाळ" (डोकं सांभाळ) ओरडला की प्रश्न न विचारता वाका, कारण शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून जातो, माझी टोपी अजून झुआरी नदीतच आहे.

हाच वारा तुम्हाला पाठीमागून ढकलत वायंगिणीवरून बांबोळीला सोडतो, बरोब्बर जेवायच्या वेळेला. किनाऱ्यावर उतरायला कोणी अडवू शकत नाही, पण रिसॉर्टचं पूल आणि शॉवर फुकट नसतात, आदल्या दिवशी फोन करून डे पासचं विचारा. नाहीतर मिठाने पांढरे झालेले कपडे घालून फिशकरी खायला बसायचं, मी बसलोय.

परतीला होडीचा हट्ट नको, वारा समोरून असतो, नागमोडी जाण्यात अख्खी दुपार जाते. होडी तिथेच स्कीपरकडे सोडा, टॅक्सी करून वर हायवेला या, पणजीची बस मिळते.