पोस्टग्रेसच्या कोडमध्ये ऑप्शनचं नाव कसं ताडून पाहावं

पोस्टग्रेस या डेटाबेससाठी सी भाषेत एक्स्टेन्शन किंवा पॅच लिहिताना, एसक्यूएल आज्ञेत विथच्या कंसात आलेला ऑप्शन कोणता हे ओळखावं लागतं. अशा वेळी हात आपसूक पीजी_स्ट्रकेसकम्पकडे (कॅपिटल-स्मॉलचा फरक न धरता तुलना करणाऱ्या फंक्शनकडे) जातो, कारण नाव कॅपिटलमध्ये लिहिलं काय नि स्मॉलमध्ये, दोन्ही चालावं असं वाटतं. पण ते काम आधीच झालेलं असतं. कोट नसलेलं नाव लेक्सर (आज्ञेचे शब्द सुटे करणारा भाग) स्वतःच लोअरकेस करतो (एसक्यूएल मानक अपरकेस करायला सांगतं, पोस्टग्रेस उलट करतं). डबल कोटमधलं नाव मात्र तो जसंच्या तसं पुढे देतो. आपण तिथे पुन्हा केस (कॅपिटल-स्मॉलचा फरक) पुसली, तर कोट घालण्याला अर्थच उरत नाही.

म्हणून कोडमध्ये डेफनेमची (ऑप्शनचं नाव ठेवणाऱ्या फील्डची) तुलना जिथे जिथे आहे तिथे साधं स्ट्रकम्प (केससकट तुलना करणारं फंक्शन) वापरा. एक गोष्ट मात्र आधी तपासा: ज्या शब्दाशी तुलना होते तो कोडमध्ये पूर्ण लोअरकेस आहे ना? त्यात एक जरी कॅपिटल अक्षर राहिलं, तर कोट न घालता लिहिलेलं नाव कधीच जुळणार नाही, आणि कंपायलर याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

सरसकट बदल मात्र करू नका. स्ट्रिंग आली कुठून, ते पाहा. ऑप्शनची किंमत सिंगल कोटमध्ये येऊ शकते आणि त्यातलं ‘ऑन’ किंवा ‘ट्रू’ लेक्सर लोअरकेस करत नाही. त्यामुळे डेफगेटबूलियन (किंमत खरी की खोटी ते वाचणारं फंक्शन) तिथे केस न पाहता तुलना करतं, आणि ते बरोबरच आहे. कॉन्फिगरेशन फाइलमधली पॅरामीटरची नावंही एसक्यूएलच्या लेक्सरमधून जात नाहीत. तिथेही केस दुर्लक्षित राहू द्या. अशा जागी सी लायब्ररीचं स्ट्रकेसकम्प नको, पीजी_ वालंच हवं. लायब्ररीचं फंक्शन लोकॅलवर (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर) अवलंबून असतं, आणि तुर्कीत कॅपिटल आयचं स्मॉल रूप बिनटिंबाचं असतं.

चाचणीत तीन रूपं घ्या. कोटविना कॅपिटल आणि कोटमध्ये स्मॉल ही दोन्ही स्वीकारली गेली पाहिजेत. कोटमधलं मिश्र रूप नाकारलं गेलं पाहिजे. ऑक्टोबर 2018 मध्ये आलेल्या 11 व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस स्वतः असंच वागतं. त्याआधी एफ कॅपिटल करून डबल कोटमध्ये लिहिलेला फिलफॅक्टर (पान किती भरायचं ते सांगणारा ऑप्शन) इंडेक्सला चालायचा, आता एरर येते. प्रत्येक नावाला कोट घालणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट इथेच अडतात. क्रिएट अ‍ॅग्रिगेटमध्ये (बेरजेसारखं एकत्रित फंक्शन बनवणाऱ्या आज्ञेत) न ओळखलेल्या नावावर फक्त वॉर्निंग येते आणि खरी एरर पुढे ‘एसटाइप (मधल्या स्थितीचा डेटाटाइप) दिलेला नाही’ अशा रूपात दिसते. तेव्हा आधीची वॉर्निंग वाचल्याशिवाय कारण शोधायला जाऊ नका.

देवनागरीत केसच नसल्यामुळे मराठी नावं या सगळ्यातून सहीसलामत सुटतात, पण लांबीची मर्यादा त्यांनाही आहे. नाव 63 बाइटला कापलं जातं आणि यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट घेतं. म्हणजे जेमतेम 21 चिन्हं.