पेट्रोल गाडीला टर्बो बसवताना: आधी उष्णतेचा आणि इंधनाचा हिशोब

मराठवाड्यात टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरांत जास्त हवा दाबणारा पंप, नवा नाही. ट्रक, हार्वेस्टर आणि डिझेल जीप यांच्यामुळे लातूर-परभणीकडच्या गॅरेजांत टर्बो उघडणे, त्याचा शाफ्ट हलवून पाहणे हे नेहमीचे काम आहे. मात्र डिझेलवर कमावलेला हा अनुभव टर्बोविना आलेल्या पेट्रोल गाडीला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. डिझेल इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी असले तर ज्वलन थंड राहते. पेट्रोल इंजिनात मात्र वाढलेल्या दाबाखाली इंधन कमी पडले, की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते, नॉकिंग सुरू होते आणि पिस्टन फुटेपर्यंत मजल जाते.

कायद्याची बाजू आधी पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांत बदल करता येत नाही आणि कलम १८२अ खाली नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून आरटीओची लेखी मंजुरी हाती नसेल, तर हे काम केवळ खासगी ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीवरच करावे. अपघातानंतर विम्याचा दावा नाकारला जाण्याची शक्यताही ध्यानात ठेवावी.

नंतर इंजिनाची तपासणी करावी. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, मोजावे. त्यांत १० टक्क्यांहून अधिक तफावत असेल किंवा इंजिन ऑइल पीत असेल, तर टर्बो किटचा विचार सोडून आधी इंजिन दुरुस्त करून घ्यावे.

आता हिशोब. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १४.७ पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) असतो. त्यावर टर्बोने ६ पीएसआय बूस्ट, म्हणजे जादा दाब, दिला, की दाब सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो आणि हवा थंड ठेवता आली तर जवळपास तेवढेच जास्त पेट्रोलही लागते. मूळ इंजेक्टर आणि पंप एवढे पेट्रोल पुरवतील असे गृहीत धरू नये. दुसरी बाब आपल्याकडची आहे. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना हीच हवा टर्बोतून दाबली गेली, की तिचे तापमान ९० अंशांच्या आसपास पोहोचते आणि गरम हवा नॉकिंगला थेट निमंत्रण देते. म्हणून इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, हा किटमधला ऐच्छिक भाग नव्हे. तो बंपरमागे समोरून वारा लागेल असा बसवावा, मात्र रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरची हवा त्याने पूर्ण अडू नये. धूळ लक्षात घेता स्वस्त, उघडा फिल्टर टाळून बंद पेटीतला फिल्टर वापरावा, कारण मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांना बारीक मातीही झिजवते.

प्रत्यक्ष जोडणीत सर्वाधिक चुका ऑइलच्या नळ्यांत होतात. टर्बोला ऑइल दाबाने मिळते, परंतु परतीचे ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. त्यामुळे परतीची नळी जाड, सरळ आणि उतरती असावी आणि सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) ती ऑइलच्या पातळीच्या वर उघडावी. नळीला वळण पडले, की टर्बोच्या सीलमधून ऑइल गळून सायलेन्सरमधून निळा धूर येतो, आणि अनेकदा निर्दोष टर्बोच बदलला जातो. टर्बो ज्यावर बसतो त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट नवीच घ्यावी. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) निवडून त्याचा गॅप थोडा कमी ठेवावा. पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी टर्बोत थोडे ऑइल ओतून, इंधन पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर मारावा.

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले असे नाही. ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) नवा मॅप, म्हणजे इंधन आणि ठिणगीचे नवे कोष्टक, लागतोच. तो करणाऱ्याकडे हवा-इंधन प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि नॉकिंग ओळखण्याची सोय असावी. पूर्ण बूस्टवर हवा-इंधन प्रमाण साधारण ११.५ ते १२ ला १ असे ठेवावे आणि ठिणगी थोडी उशिरा पडेल अशी वेळ ठेवावी. माझ्या मते मूळ पिस्टनवर ६ पीएसआयच्या पुढे जाण्याचा मोह धरू नये. वेस्टगेटची, म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, स्प्रिंगच तेवढ्याची निवडावी.

सुरुवातीचे काही दिवस बूस्ट न वापरता चालवून, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा आवळावेत आणि प्रत्येक जोडाखाली ऑइलचा ओलावा शोधावा. जोरात चालवल्यानंतर लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवावी. हिवाळ्यात केलेला मॅप एप्रिल उजाडताच दुपारच्या उन्हात पुन्हा तपासून घ्यावा, आणि नॉकिंगची नोंद दिसल्यास त्याच दिवशी बूस्ट उतरवावा.