पुण्यात नवीन आलात आणि फ्लॅट घ्यायचाय? रविवारी चेक लिहू नका

पुण्यात नोकरी लागली की वर्षभरात घरचे मागे लागतातच, भाडं कशाला भरताय, त्यापेक्षा हप्ता भरा. मग लातूर, नांदेड, जळगाव, नागपूरहून आलेला माणूस शनिवार-रविवारी आईवडलांना घेऊन चार साइट फिरतो, सॅम्पल फ्लॅट बघून सगळे खूश, आणि संध्याकाळी टोकन देऊन मोकळा. सेल्सवाला चहा देता देता सहज विचारतो, "काका, परत कधी निघणार?" तुम्ही सांगता रात्रीची ट्रॅव्हल्स आहे, झालं, त्याला कळलं की सही आजच घ्यायची. मग आतून मॅनेजर येतो आणि "फक्त आजच्या दिवस" पार्किंग फुकट होतं. परतीची वेळ सांगायचीच नाही, आणि रविवारी चेक द्यायचा नाही हे घरून ठरवूनच निघा.

दुसरं म्हणजे रविवारी बघितलेला रस्ता खरा नसतो. वाकड, पुनावळे, मारुंजीला साइट बघितली असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नऊच्या आसपास तिथून ऑफिसला स्वतः जाऊन बघा, भूमकर चौकात काय होतं ते कळेल, आणि संध्याकाळी परतही या. "हिंजवडीपासून दहा मिनिटं" हे तिथल्या आयटी पार्कच्या कुठल्या फेजपासून ते जाहिरातीत नसतं, फेज १ आणि फेज ३ मध्येच केवढा फरक पडतो. नवरा हिंजवडीत आणि बायको खराडीत असेल तर मग विचारूच नका, शहराची दोन टोकं आहेत ती. त्यात आयटीवाले कंपनी बदलणारच, त्यामुळे एका ऑफिसच्या गेटकडे बघून वीस वर्षांचं कर्ज घेण्यात अर्थ नाही. नकाशावरचा डीपी रोडही, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात आखलेला रस्ताही, तसाच, "हा होणारच आहे सर" असं जो दाखवतो त्याला विचारा जागा ताब्यात आलीय का, कारण मध्ये एकाचा गोठा आणि दोन गुंठे अडले की तो रस्ता वर्षानुवर्षं कागदावरच राहतो.

माझं स्पष्ट मत, ज्या भागात घ्यायचंय तिथेच आधी ११ महिन्यांचा करार करून भाड्याने राहा. त्यात एक पावसाळा आणि एक एप्रिल-मे आला पाहिजे. लोक म्हणतात भाव वाढतील, वाढू देत, चुकीच्या जागी अडकण्यापेक्षा ते परवडतं. पावसाळा यासाठी की नदीकाठचं काय ते तेव्हाच कळतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं, उन्हाळ्यात तिथे बघायला गेलेल्या नवख्या माणसाला याचा पत्ताही लागला नसता. नदीजवळ घेत असाल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा, कुठून जातात ते वकिलाकडून नकाशावर बघूनच घ्या.

आणि एप्रिल-मे पाण्यासाठी. लातूरकरांना टँकर काय चीज आहे ते सांगायला नको, पण आपण धरूनच चालतो की पुण्यात पाणी असणारच. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. वाघोली, सूस, म्हाळुंगे ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली पण हद्दीत आलं म्हणजे नळाला आलं असं होत नाही. शेजारच्या तयार सोसायटीच्या गेटवर जा, वॉचमनच्या टेबलावर टँकरचं रजिस्टर असतं, गाडी नंबर, वेळ, सही. त्याने दाखवलं तर मे महिन्याचं पान उघडा. एका पानावर किती दिवस आणि दिवसाला किती गाड्या ते मोजा, तुमचा मेंटेनन्स किती येणार ते तिथेच लिहिलेलं असतं. फ्लॅटमालकांना विचारून उपयोग नाही, भाव पडेल म्हणून कोणीच वाईट बोलत नाही. भाडेकरूंना विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा, ते खरं सांगतात.

आता पैसे. बिल्डर सेलेबल एरियावर, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेल्या क्षेत्रफळावर बोलत असेल तर तिथेच थांबवा, रेरा या घरखरेदीच्या कायद्यानुसार विक्री कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर आहे. कॉस्ट शीट मागा आणि सगळं धरून येणाऱ्या रकमेला कार्पेटने भागा, मगच दोन साइटची तुलना होते. समजा अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट ६० लाखांचा आहे. जीएसटी ५ टक्के म्हणजे ३ लाख, महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, असे साडेसात लाख वरचे. बँक साधारण ८० टक्के म्हणजे ४८ लाख देईल, उरलेले १२ आणि हे साडेसात मिळून साडेएकोणीस लाख खिशातून, आणि अजून मेंटेनन्स डिपॉझिट, फर्निचर, पंखे, ग्रिल काहीच धरलं नाहीये. पझेशनपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहतात तेही धरा. फक्त बाईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, नवराबायको दोघांच्या नावावर केला की ती मिळत नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) आलेल्या फ्लॅटवर जीएसटीच नाही, म्हणून थोडा महाग वाटला तरी तयार फ्लॅटचा हिशोब एकदा मांडूनच बघा.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका, जाहिरातीवर क्यूआर कोड असतो तो स्कॅन केला तरी चालतं. नुसतं रजिस्टर्ड आहे म्हणून खूश होऊ नका. पूर्ण करायची मूळ तारीख आणि बदललेली तारीख बघा, कोर्टकेस बघा, जमिनीवर कर्ज आहे का बघा. एक गोष्ट नवखे हमखास सोडतात, प्रोजेक्टच्या प्रत्येक फेजचा, म्हणजे टप्प्याचा, नंबर वेगळा असतो आणि ब्रोशरमधला क्लबहाऊस आणि स्विमिंग पूल भलत्याच फेजमध्ये असतो, जी पाच वर्षांनी सुरू होणार असते. रजिस्टर्ड ॲग्रीमेंट होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, तो कायदाच आहे. प्री-लाँच, ईओआय (फ्लॅट घ्यायची इच्छा आहे असं लिहून घेणं) म्हणून रेरा नंबर नसताना पैसे मागत असेल तर उठून या.

वकील स्वतःचा घ्या. "बँकेने अप्रूव्ह केलंय म्हणजे टायटल क्लिअर" हे ब्रोकरचं पाठ वाक्य आहे, बँक तिचा पैसा सांभाळते. जागेच्या जुन्या व्यवहारांचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट करून घ्या, ६० लाखांच्या पुढे ती फी काहीच नाही.

रिसेल घेत असाल तर भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं ना हरकत पत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, आधीच्या सगळ्या खरेद्यांची साखळी, आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का, एवढं बघाच. मालकाचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतात. भाव ठरवायच्या आधी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच बिल्डिंगचे इंडेक्स टू (नोंदवलेल्या खरेदीचा उतारा) काढा, शेजारच्याने खरोखर कितीला घेतलाय ते दिसतं, मग ब्रोकरशी बोलायला मजा येते. ५० लाख किंवा वरचा व्यवहार असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा कर, घेणाऱ्यानेच कापून भरायचा असतो, हे ऐन वेळी कळलं की धावपळ होते.

नवीन फ्लॅटचा ताबा घेताना चावीच्या आनंदात सगळ्या कागदांवर सह्या करू नका. बादलीभर पाणी बाथरूममध्ये ओतून उतार बघा, फरशा ठोकून बघा, खिडकीच्या कडा बघा. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरला तो फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो, पण तक्रार मेलवर करा, साइटवरच्या सुपरवायझरला तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.