वारंवार टॉन्सिल सुजणाऱ्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्ट हाती आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. त्यापूर्वी मुलाचे वय, आणि रक्त दिले तो आजाराचा कितवा दिवस होता, या दोन गोष्टी कडेला लिहून घ्याव्यात. त्यांच्याशिवाय पुढच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात न्यूट्रोफिलपेक्षा लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार) अधिक असणे स्वाभाविक आहे, त्यामुळे कागदावर प्रौढांची मर्यादा छापलेली असेल तर निरोगी मुलाचा आकडाही वाढलेला दिसतो. असामान्य लिम्फोसाइटांची नोंद असेल आणि सोबत मानेत मोठ्या गाठी व कमालीचा थकवा असेल, तर एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गाची शंका डॉक्टरांना जरूर विचारावी, कारण त्या आजारात ॲमॉक्सिसिलीन हे अँटिबायोटिक दिल्यास बऱ्याचदा अंगभर पुरळ उठते.

सीआरपी आणि ईएसआर या दोन्ही तपासण्या शरीरातील दाह, म्हणजे सूज, दाखवतात. आजार सुरू झाला की सीआरपी काही तासांत वाढू लागते, सुमारे दोन दिवसांत शिखर गाठते आणि दाह शमला की भराभर उतरते. ईएसआर मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो, शिवाय रक्तक्षयानेही चढतो. ताप जाऊन दहा दिवस झाल्यावर सीआरपी सामान्य आणि ईएसआर चढलेला दिसला, तर तो बहुधा सरलेल्या आजाराचा माग असतो. दोन दुखण्यांच्या मधल्या काळात सीआरपी सामान्य आली म्हणून टॉन्सिलचा जुना त्रास नाही, असेही ठरत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो एएसओच्या आकड्याने. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या एका विषाविरुद्ध शरीराने तयार केलेली ही प्रतिपिंडे संसर्गानंतर आठवड्याभराने वाढू लागतात, तीन ते पाच आठवड्यांनी सर्वाधिक होतात आणि पुढे अनेक महिने टिकतात. म्हणजेच हा आकडा मागचा संसर्ग सांगतो, आज दुखणाऱ्या घशाबद्दल नाही. आजचे कारण शोधायचे तर घशाचा स्वॅब घ्यावा लागतो. अनेक रिपोर्टांवर छापलेली 200 ची मर्यादा मुळात प्रौढांची असते आणि शाळकरी वयात निरोगी मुलेही ती सहज ओलांडतात. सांधे सुजणे, हृदयाला सूज येणे अशी संधिवाती तापाची (स्ट्रेप्टोकोकसच्या संसर्गानंतर उद्भवणाऱ्या आजाराची) लक्षणे नसताना केवळ या आकड्यावर महिनोन्महिने पेनिसिलीनची इंजेक्शने देणे मला समर्थनीय वाटत नाही.

टॉन्सिल काढल्यास प्रतिकारशक्ती जाईल, ही भीती पालक हमखास बोलून दाखवतात. शस्त्रक्रियेनंतर आयजीए आणि आयजीजी (प्रतिपिंडांचे, म्हणजेच इम्युनोग्लोब्युलिनचे, प्रकार) किंचित उतरू शकतात, तरी ते सहसा वयानुरूप मर्यादेतच राहतात. इम्युनोग्लोब्युलिनची तपासणी खरी उपयोगी पडते ती घशासोबत न्यूमोनियाही पुन्हा पुन्हा होत असेल किंवा वजन वाढत नसेल तेव्हा.

शस्त्रक्रियेचा निर्णय रक्तावरून होत नाही. वर्षात सात, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घसा धरला, हा प्रचलित निकष आहे. आणि प्रत्येक वेळी 38.3 अंश सेल्सियसहून अधिक ताप, मानेतील गाठी, टॉन्सिलवर पू किंवा स्ट्रेप्टोकोकसचा होकारार्थी स्वॅब यांपैकी किमान एक गोष्ट नोंदलेली हवी. म्हणून रिपोर्टांच्या फाइलीतच एक वही ठेवावी आणि तीत प्रत्येक दुखण्याची तारीख, ताप व स्वॅबचा निकाल लिहावा. दर तीन ते सहा आठवड्यांनी ठरल्यासारखा ताप येतो, तोंडात फोड येतात, अँटिबायोटिकने फरक पडत नाही आणि मधल्या काळात मूल ठणठणीत असते, असे वहीत दिसले, तर ती वही डॉक्टरांना आधी दाखवावी, कारण तो नियतकालिक तापाचा वेगळा आजार असू शकतो.