लोरेतोत हिवाळा काढायचा आणि गळ टाकायचा असेल तर

बाहा कॅलिफोर्निया सुर या मेक्सिकन राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर, कोर्तेसच्या समुद्राला लागून लोरेतो हे लहान गाव आहे. १६९७ साली इथे मिशन उभं राहिलं. मागे सिएरा दे ला हिगांताचे उघडे डोंगर, समोर कोरोनादो, कार्मेन, दान्सान्ते, मोन्सेर्रात आणि कातालाना ही बेटं. निवृत्त अमेरिकन आणि कॅनेडियन लोक इथे वर्षानुवर्षं हिवाळा काढतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विमानाने हे फार लांब नाही. गाडीने तिहुआनापासून सुमारे १,१०० किलोमीटर पडतं, त्याला दोन पूर्ण दिवस द्या. रात्री गाडी हाकू नका, कारण रस्ता अरुंद, कडेला साइडपट्टी नाही आणि गुरं डांबरावर येऊन बसतात.

सगळ्यात आधी महिना ठरवा, बाकीचं त्यावरच बसतं. डिसेंबर ते एप्रिल हा हुरेलचा, म्हणजे अमेरिकेत ज्याला यलोटेल म्हणतात त्या माशाचा काळ. हवा सुखाची असते, पण ‘नोर्ते’ हा उत्तरेचा वारा सुटला की दोन-चार दिवस होड्या किनाऱ्यालाच. जून-जुलै ते ऑक्टोबर दोरादोचा, म्हणजे माही-माहीचा हंगाम. तेव्हा समुद्र बहुतेक सकाळी शांत असतो, पण उन्हाळा जीव काढतो आणि ऑगस्टपासून चक्रीवादळांवर डोळा ठेवावा लागतो. राहायलाही आणि मासे धरायलाही पहिल्यांदाच जाणाऱ्याने मार्च-एप्रिल धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. वारा कमी होत आलेला असतो आणि हुरेल अजून गेलेला नसतो.

कागद

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो, मात्र अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीनकार्ड असेल तर लागत नाही. गोची होते ती एच-१बी वाल्यांची. पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलेला असतो, हातात आय-७९७ (मुक्कामाच्या मंजुरीचा कागद) आणि आय-९४ (प्रवेशाची नोंद) असतात आणि तेवढ्यावर भागेल असं वाटतं. भागत नाही, विमानात बसूच देत नाहीत. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिजिटर व्हिसा असेल तर त्यांची अडचण नसते.

पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस मिळतात, पण किती द्यायचे हे अधिकारी ठरवतो. शिक्क्यावर लिहिलेला आकडा खिडकीपाशीच वाचा. कमी असेल तर परतीची तारीख आणि घरभाड्याचा कागद दाखवून तिथल्या तिथे विचारा, नंतर वाढवून मिळत नाहीत. गाडीने सीमा ओलांडताना तुम्हाला कोणी थांबवेलच असं नाही. इमिग्रेशनच्या कार्यालयाशी स्वतः थांबून नोंद करून घ्यायची असते. ती राहिली तर पुढच्या तपासणीत तुम्ही बेकायदा ठरता. गाडीसाठी मेक्सिकन विमा वेगळा घ्या, अमेरिकन विमा तिथे ग्राह्य धरत नाहीत. बंदूक किंवा एखादं काडतूसही गाडीत राहिलं नाही ना, हे निघण्याआधी बघा. रस्त्यावर लष्कराच्या चौक्या आहेत आणि हा तिथे गंभीर गुन्हा आहे.

ग्रीनकार्डवाल्यांनी सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात सलग वास्तव्याचा प्रश्न निघतो.

दरवर्षी यायचं पक्कं झालं तर ‘रेसिदेन्ते तेम्पोराल’, म्हणजे तात्पुरत्या रहिवाशाचा परवाना घ्या. याची सुरुवात मेक्सिकोबाहेरच्या मेक्सिकन वकिलातीत होते. तिथे व्हिसा चिकटवून घ्यायचा, १८० दिवसांत एकदा प्रवेश करायचा आणि आल्यापासून ३० दिवसांच्या आत स्थानिक इमिग्रेशन कार्यालयात कार्डाची प्रक्रिया सुरू करायची. प्रवेशाच्या वेळी अधिकाऱ्याने ‘पर्यटक’ अशी नोंद केली तर सगळं मुसळ केरात जातं. म्हणून व्हिसाचं पान उघडून ‘कान्खे’ (व्हिसा बदलून कार्ड घ्यायचं आहे) असं तोंडाने सांगा. पहिलं कार्ड एका वर्षाचं, नूतनीकरण धरून एकूण चार वर्षांपर्यंत.

घर विकत घेण्याची घाई नको. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला जमीन थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही. ‘फिदेइकोमिसो’ हा बँकेचा ट्रस्ट करावा लागतो, तो ५० वर्षांचा आणि पुढे वाढवता येतो. ‘एखिदो’ म्हणजे सामुदायिक मालकीची जमीन स्वस्तात दाखवली तर नोतारियोकडून, म्हणजे जमिनीचे व्यवहार नोंदवणाऱ्या वकिलाकडून, कागद तपासल्याशिवाय एक पेसोही देऊ नका.

भाड्याचं घर बघताना

नळाचं पाणी सतत येत नाही, म्हणून जमिनीतली टाकी किंवा छतावरचा ‘तिनाको’ किती लिटरचा आहे ते विचारा. प्यायचं पाणी २० लिटरच्या ‘गार्राफोन’मधून. विजेचं बिल दोन महिन्यांचं एकदम येतं. आधीच्या भाडेकरूने वर्षभर एसी बेसुमार चालवला असेल तर मीटर ‘दाक’ या चढ्या दरात गेलेला असतो आणि तो दर तुमच्या माथी बसतो. शेवटचं बिल मागून घ्या, त्यावर दराचं नाव छापलेलं असतं. मासेमारीसाठी आणखी दोन गोष्टी बघा: स्वतंत्र फ्रीझर ठेवायला सावलीतली जागा आणि मासा साफ करायला अंगणात नळ. गावात लहान इस्पितळ आहे, पण मोठ्या उपचाराला ला पासपर्यंत सुमारे ३५० किलोमीटर जावं लागतं. हृदयविकार असलेल्यांनी हे अंतर आधी विचारात घ्यावं.

पांगा आणि तांडेल

पांगा म्हणजे २२ ते २६ फुटी, उघडी, फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन. ती चालवणारा पांगेरो हा आपल्याकडचा तांडेलच. त्याच्या नावाआधी ‘दोन’ (Don, आपल्या ‘राव’सारखा आदराचा स्पॅनिश शब्द) लावून हाक मारावी, ‘तू’ म्हणू नये, आणि कामाचं बोलण्याआधी ‘बुएनोस दीयास’ म्हणावं. भाव होडीचा असतो, माणशी नसतो. ‘क्वांतो कोब्रा पोर ला पांगा?’ एवढं विचारून थांबू नका. ‘कोन कार्नादा ई येलो?’ हेही विचारा, म्हणजे आमिष आणि बर्फ धरून का. परवाने, राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश आणि बक्षिसी बहुधा वेगळी. बक्षिसी १५ ते २० टक्के. जीवरक्षक जॅकेट आणि रेडिओ होडीत आहे का, हे पैसे देण्याआधी डोळ्यांनी बघा.

होडीवरून गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला क्रीडा मासेमारीचा परवाना लागतो. तो दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा किंवा वर्षाचा मिळतो. हिवाळाभर राहणार असाल तर वर्षाचाच घ्या. किनाऱ्यावर उभं राहून गरवायला परवाना लागत नाही. वारा वाढला की बंदर अधिकारी लहान होड्यांसाठी बंदर बंद करतात, त्या दिवशी तांडेलाला गळ घालू नका.

हुरेल

पहाटे अंधारात निघायचं, कारण आधी आमिष धरायचं असतं. आमिष म्हणजे जिवंत मकारेला, आपल्या बांगड्याच्याच कुळातला. सहा बारीक गळांची साबिकी दोरी, खाली ८५ ते ११० ग्रॅम शिसं. पहिला मासा लागला की लगेच ओढू नका, दोन-तीन लागेपर्यंत थांबा. मकारेला ओल्या हाताने धरा, नाहीतर खवले सुटतात आणि तासाभरात तो मरतो. टाकीत गर्दी केली किंवा पाणी फिरतं नसलं तरी मरतो, आणि मेलेल्या आमिषाकडे हुरेल क्वचितच फिरकतो.

हुरेल पाण्याखालच्या खडकांच्या उंचवट्यांवर असतो, अनेकदा ६० मीटर किंवा त्याहून खोल. मुख्य दोरी ६५ पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे दोन-तीन मीटर ५० ते ६० पौंडी फ्लुओरोकार्बन लीडर, म्हणजे गळाकडचा दोरीचा तुकडा. टोकाला २२५ ते ३४० ग्रॅम शिसं आणि त्याच्या मीटरभर वर ड्रॉपर लूपवर (दोरीतून बाजूला काढलेल्या फासावर) ६/० चा सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ. शिसं २० पौंडी तंगुसाच्या तुकड्याने बांधा. खडकात अडकलं तर तेवढाच तुकडा तुटतो, गळ आणि मासा वाचतात. आमिष नाकपुड्यांतून आडवं ओवा. वाकडं ओवलं तर ते गरगर फिरतं आणि दोरीला पीळ बसतो.

शिसं तळाला टेकलं की रील लगेच गिअरमध्ये घ्या, दोन-तीन वेढे वर उचला आणि थांबा. चावा लागला की झटका द्यायची हाताची सवय आवरा. सर्कल गळ झटक्याने तोंडातून सरळ बाहेर येतो. काठी वाकून जड होईपर्यंत फक्त वेढे घ्या, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप रुततो. त्यानंतरचे पहिले दहा मीटर निर्णायक. हुरेल तोंड वळवून थेट खडकात शिरतो आणि लीडर कापला जातो. म्हणून ड्रॅग (रीलचा ब्रेक, मासा किती ओढल्यावर दोरी सुटेल ते ठरवणारा) किनाऱ्यावरच, ताणकाट्याने मोजून, १२ ते १५ पौंडांवर लावून ठेवा. होडीत मासा लागल्यावर ड्रॅगचं चक्र पिळत बसलात तर एकतर दोरी तुटते किंवा तो खडकात जातो. कमरेला टेकू देणारा पट्टा बांधा आणि वेढे घेणं सोडू नका.

आमिष मिळालं नाही तर १७० ते २३० ग्रॅमची लोखंडी जिग, म्हणजे माशासारखं जड खोटं आमिष. तळाला सोडा, पंधरा-वीस वेढे शक्य तितक्या जोरात घ्या, पुन्हा सोडा. रीलचं गिअर-प्रमाण ६:१ च्या आसपास हवं, म्हणजे हाताच्या एका वेढ्याला रीळ सहा वेळा फिरतं, संथ रीलवर हे जमत नाही. इथेही चावा लागल्यावर थांबायचं नाही, हात अडेपर्यंत फिरवत राहायचं. निळी-पांढरी जिग जवळ असू द्या. याच खडकांवर काब्रिया आणि पार्गोही लागतात. काब्रिया हेकरूच्या जातीचा, पार्गो तांबोशीच्या.

दोरादो

याचं तंत्र अगदी उलटं. तो वर, उघड्या पाण्यात असतो. वाहत आलेलं सार्गासोचं शेवाळ, लाकडाचा ओंडका, एकाच जागी घिरट्या घालणारे फ्रिगेट पक्षी शोधा. सहा ते आठ नॉट वेगाने होडीमागे ल्युअर (खोटं आमिष) ओढा. एक लागला की त्याला पाण्यातच होडीजवळ खेळवत ठेवा, थवा त्याच्या मागे येतो. मग बाकीच्यांनी जिवंत सार्दिना (आमिषाचा लहान मासा) ४/० गळावर, ३० पौंडी लीडरवर टाकावी. ड्रॅग पाच-सात पौंडच. दोरादो उड्या मारतो आणि घट्ट ड्रॅगवर गळ फाटून निघतो. गॅफ (मासा उचलायचा दांड्याचा आकडा) लावण्याआधी बर्फाच्या पेटीचं झाकण उघडं हवं. मासा सरळ पेटीत, झाकण बंद. होडीत मोकळा सुटला तर त्याची शेपटी आणि लोंबणारा गळ पाय फोडतात. लीडर हाताला कधीही गुंडाळू नका.

किती ठेवायचे

माणशी दिवसाला एकूण दहा मासे, एका जातीचे पाचाहून जास्त नाहीत. दोरादो आणि पेस गायो (इंग्रजीत रूस्टरफिश) प्रत्येकी दोनच, आणि ते दोन पाच माशांच्या हिशोबात जातात. मार्लिन किंवा सेलफिश एकच, तोही पाच धरला जातो. म्हणजे दोन दोरादो घेतले तर त्या दिवशी आणखी पाच हुरेल घेता येतात. तोतोआबा (संरक्षित मासा), कासव, शिंपले आणि शेवंडं यांना हातही लावायचा नाही. पकडलेला मासा विकणं बेकायदा आहे, उपाहारगृहाला देऊन पैसे घेणंसुद्धा. लोरेतोच्या समोरचा समुद्र १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात मासेमारी बंद असलेले भाग आहेत. ते कुठे आहेत ते तांडेलाला ठाऊक असतं, तो नाही म्हणाला तर वाद घालू नका.  पेस गायो तर सोडूनच द्यावा, खायला काही खास नाही आणि लढतो मात्र जबरदस्त.

बर्फ

सगळ्यात जास्त मासे बर्फाच्या हयगयीने वाया जातात. हुरेल, दोरादो, सिएरा आणि टुना यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. उन्हात पडलेल्या माशात जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. मग खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. शिजवून किंवा गोठवून हिस्टामीन जात नाही. उपाय एकच, पहिल्या मिनिटापासून थंडी. वर आल्याबरोबर कल्ले कापा, काही मिनिटं रक्त जाऊ द्या आणि बर्फात समुद्राचं पाणी घालून केलेल्या लगद्यात मासा बुडवा. नुसत्या खड्यांवर ठेवलेला मासा वरून गरमच राहतो. दहा किलो माशाला दहा किलो बर्फ धरा, उन्हाळ्यात जास्त. कापलेल्या तुकड्यांना गोड्या पाण्याचा स्पर्श नको, मांस पिचपिचीत होतं. पिशवीत घालूनच बर्फावर ठेवा.

अमेरिकेत नेणार असाल तर प्रत्येक तुकड्यावर कातडीचा पट्टा राहू द्या, म्हणजे जात ओळखता येते. परवाना सोबत ठेवा आणि कॅलिफोर्नियात शिरताना मासे-शिकारीच्या घोषणापत्राचा फॉर्म भरा.

हिवाळ्यात मिळणारा सिएरा हा सुरमईच्याच वंशातला. त्याचं पोट लवकर मऊ पडतं, म्हणून तो गोठवू नये, त्याच दिवशी तव्यावर घ्यावा. कोकम जवळ नसेल तर बाजारात ‘तामारिंदो’ मिळते, तीच आपली चिंच. तिचा कोळ, हळद, तिखट, मीठ लावून अर्धा तास ठेवा. रव्याऐवजी तांदळाचं पीठ मागायचं तर ‘आरिना दे आर्रोस’. तुकडे बोटभर जाडीचे ठेवा, त्याहून पातळ केले तर तव्यावर उलटताना मोडतात.