दलित स्त्रियांची आत्मकथने गटाने कशी वाचावीत

जात आणि पुरुषसत्ता एकाच आयुष्यात कशा एकवटतात हे समजून घ्यायचे असेल, तर दलित स्त्रियांच्या आत्मकथनांइतके थेट साहित्य मराठीत दुसरे नाही. ही पुस्तके एकट्याने वाचता येतातच; पण पाच-सहा जणांनी मिळून, महिन्याला एक या गतीने वाचली, तर एकाच्या नजरेतून निसटलेले दुसऱ्याच्या ध्यानात येते आणि अवघड प्रसंग टाळून पुढे जाण्याची सवय मोडते.

आरंभ आत्मकथनाने न करता एका निबंधाने करावा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो एका बैठकीत मोठ्याने वाचून होतो. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा त्यातला प्रश्न अनेकांनी ऐकलेला असतो. परंतु आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसते, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असेही ती विद्यार्थिनी लिहिते, तिकडे फारसे लक्ष जात नाही. त्या ओळींवर थांबून चर्चा करावी, कारण पुढची सारी पुस्तके याच वाटेने जातात.

त्यानंतर बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ घ्यावे. ते १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. फलटणला दुकान सांभाळताना त्या सामान बांधायला आणलेले रद्दी कागद वाचत आणि लिहिलेले घरातल्यांपासून लपवून ठेवत, एवढी माहिती वाचनापूर्वी गटाला द्यावी. वाचताना प्रत्येकाने वहीत दोन रकाने करावेत: एकात गावाने महारवाड्यावर केलेला अन्याय, दुसऱ्यात महारवाड्याच्या आत सुनांवर झालेला अन्याय. दुसरा रकाना भरू लागला की काही वाचक अस्वस्थ होतात, तर काहींना त्यात आपल्या जातीची सुटका दिसते. या दुसऱ्या प्रतिक्रियेला गटाने ठामपणे अडवावे. लेखिकेने घरातली हिंसा उघड केली ती गावाचा अपराध हलका करण्यासाठी नव्हे.

या पुस्तकात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ अधिक आहे. नवऱ्याचा संशय आणि मारहाण यांविषयी बेबीताई मोकळेपणाने बोलल्या त्या नंतर, इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत. त्यामुळे पुस्तकात काय आहे याबरोबरच काय सांगितलेले नाही आणि ते का, हा प्रश्न बैठकीत अवश्य घ्यावा. माझ्या मते संपूर्ण वाचनातला हाच सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

तिसऱ्या बैठकीसाठी उर्मिला पवार यांचे २००३ मधील ‘आयदान’ योग्य ठरते. येथे कोकणातले गाव आहे, बांबूच्या टोपल्या विणून संसार ओढणारी आई आहे. पुढे मुंबईतली नोकरी, लेखन, चळवळ आणि शिकणाऱ्या, सभांना जाणाऱ्या बायकोविषयी नवऱ्याच्या मनात वाढत गेलेली नाराजीही आहे. ‘जिणं आमुचं’मध्ये न आलेले खासगी आयुष्य येथे नावानिशी येते. दोन्ही पुस्तकांतील सासर आणि माहेरचे प्रसंग शेजारी ठेवून वाचले, तर शिक्षण आणि शहर यांनी काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे नेमके बोलता येते. वेळ असल्यास कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ जोडावे. संस्कृत शिकलेल्या दलित स्त्रीचा अनुभव त्यात आहे.

बोलीतले संवाद प्रमाण भाषेत बदलून वाचू नयेत. अडलेला शब्द विचारून घ्यावा आणि वाक्य पुन्हा मूळ रूपातच वाचावे. गटात दलित सदस्य असतील तर त्यांनी साऱ्या समाजाच्या वतीने खुलासे द्यावेत किंवा स्वतःचे अनुभव सांगावेत, अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये. बोलायचे की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. इतरांनी मात्र एका प्रश्नाचे उत्तर लिहून आणावे: वाचलेला प्रसंग घडत असताना, त्याच गावात किंवा शहरात, आपल्या घरातली माणसे कोठे उभी असती?