मॅन्युअल की ऑटोमॅटिक? पांदणीत गाडी घालण्याआधी या चुका टाळा

पाऊस लागला की आमच्या भागात दोन गोष्टी ठरलेल्या: सोयाबीनवर अळी आणि पांदणीत, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेत, रुतलेली गाडी. अळीचं कृषी सहायक बघतो, गाडीचा फोन आमच्या गॅरेजला येतो. मॅन्युअलवाला म्हणतो, "भाऊ, ऑटोमॅटिक घेतली असती तर निघाली असती." ऑटोमॅटिकवाला म्हणतो, "मॅन्युअलच पाहिजे होती राजेहो, लोक सांगत होते." जाऊन बघावं तर दोघांच्याही टायरमध्ये पस्तीसची हवा, डांबरी रस्त्यावर भरलेली, तशीच.

गियरबॉक्सचा प्रश्न खोटा नाही, पण तो टायर, लो रेंज (वेग कमी करून ताकद वाढवणारे 4x4 चे जादा गियर) आणि चालवणाऱ्याचा धीर यांच्या नंतर येतो. तरी लोक विचारतातच, म्हणून त्याच त्या चुका एकदा लिहून टाकतो.

दोन पेडल म्हणजे ऑटोमॅटिक, हा समज

शोरूममध्ये क्लच पेडल दिसलं नाही की लोक खूश. पण त्या दोन पेडलांच्या मागे चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गियरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं काम तुमच्या पायाऐवजी मोटर किंवा हायड्रॉलिक पंप करतो. डीसीटीत दोन क्लच असतात, आणि लहान गाड्यांत ते बरेचदा कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले. सीव्हीटीत पट्टा आणि पुल्या. आणि चौथा टॉर्क कन्व्हर्टर, ज्यात इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये घासणारी प्लेट नसून तेल असतं.

चिखलात, चढावर, मुंगीच्या पावलाने चालायचं तर या चौघांत चालतो तो टॉर्क कन्व्हर्टर. चाक जवळपास थांबलं तरी तेल फिरत राहतं, ताकद जात राहते, इंजिन बंद पडत नाही. महिंद्राची थार आणि मारुतीची जिम्नी, या दोन 4x4 गाड्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये तोच आहे, थारला सहा गियर आणि जिम्नीला चार. बाकीचे तिघे शहरात आपापल्या जागी चांगले आहेत. शहरात.

आमच्या ओळखीचे एक गुरुजी एएमटीवाली छोटी गाडी घेऊन नाल्याच्या काठावर चढत होते. चढ खडा, मुरूम सुटा, पुढे शेळ्यांचा कळप. त्यांनी ब्रेक न दाबता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी जागेवर धरून ठेवली. आत मोटर बिचारी हाफ क्लच करत, म्हणजे क्लच अर्धा दाबून प्लेट घासत, बसली. प्लेट तापली, डॅशबोर्डवर इशारा आला, आणि गाडीने स्वतःला वाचवण्यासाठी ताकद देणं बंद केलं. गुरुजी हळूहळू मागे, नाल्याकडे. हँडब्रेक वेळेवर आठवला म्हणून निभावलं. "ऑटोमॅटिक धोका देते," असं ते अजूनही सांगतात. त्यांना मी समजावणं सोडलंय.

तेव्हा विक्रेत्याला "ऑटोमॅटिक आहे का" असं विचारू नका. "टॉर्क कन्व्हर्टर आहे का आणि 4 एल आहे का" असं विचारा. 4 एल म्हणजे चारही चाकांना ताकद, तीही लो रेंजमध्ये. दोन्हींचं उत्तर हो येत नसेल, तर त्या गाडीने पांदणीचं स्वप्न बघू नये. नुसत्या नावावरही जाऊ नका. 2023 पासून थार मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते, आणि ती घेऊन "माझी थार रुतली" म्हणणारे आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात.

हाफ क्लचवर जगणे

आता माझ्या सगळ्यात नावडत्या चुकीकडे येतो. मॅन्युअल घेणाऱ्यांतले बहुतेक "कंट्रोल आपल्या हातात राहतो" म्हणून घेतात. कंट्रोल पायात असतो, आणि डावा पाय क्लचवर अर्धा दाबून ठेवलेला असेल तर तोही नसतो.

पोळ्याला एक जावईबापू नवी कोरी मॅन्युअल 4x4 घेऊन सासुरवाडीला आले. झडी दोन दिवसांपूर्वी उघडली होती. काळ्या मातीचं तुम्हाला माहीत आहेच: वरून उन्हाने खपली धरलेली, खाली लोणी. सासरे म्हणाले, "राहू द्या ना, पायीच जाऊ वावरात." जावईबापू म्हणाले, "मामाजी, फोर बाय फोर आहे, काही होत नाही."

बंडीच्या चाकोरीत गाडी शिरली आणि थोड्या अंतरावर मंदावली. त्यांनी लिव्हर 4 एचवर, म्हणजे चारही चाकांना ताकद पण नेहमीच्या वेगाच्या गियरवर, टाकला होता. 4 एल नाही, कारण "ते डोंगरासाठी असतं." पहिल्या गियरमध्ये, 4 एचला, गाडीचा सगळ्यात कमी वेगही त्या चिखलासाठी जास्त होतो. क्लच पूर्ण सोडला की गाडी हिसका देऊन बंद पडते. म्हणून माणूस क्लच अर्धा धरतो आणि रेस वाढवतो. इंजिन ओरडतं, चाक जेमतेम फिरतं, मधली सगळी ताकद प्लेटवर घासून उष्णता होते. वास आधी सासऱ्यांना आला. जावईबापूंना वाटलं, शेजारच्या वावरात कोणी काहीतरी जाळतंय.

शेवटी रेस दिली की नुसता आवाज, गाडी ढिम्म. पोळ्याचा दिवस, बैलाला जू लावायचा प्रश्नच नाही. ट्रॅक्टरवाले सगळे तोरणाखाली बैल घेऊन उभे. पोळा फुटेपर्यंत गाडी तिथेच, आणि गावातली सगळी पोरं भोवती.

गॅरेजला गियरबॉक्स उतरवला. बऱ्याच 4x4 मध्ये त्याच्यासोबत ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) उतरते, त्यामुळे मजुरीही तशीच लागते. प्लेटचं लायनिंग रिव्हेटपर्यंत गेलेलं आणि ती ज्याच्यावर घासते त्या फ्लायव्हीलवर निळे डाग. निळा डाग म्हणजे लोखंड इतकं तापलं की त्याचा रंग फिरला. नुसती प्लेट बदलून भागलं नाही, फ्लायव्हीलचं तोंडही घासून सपाट करावं लागलं.

याच्यावर माझी सवय सांगतो, पुस्तकात काय लिहिलंय ते नाही. डांबर सोडून चिखल दिसला की गाडी उभी करून 4 एल. थारमध्ये लो रेंजला ताकद साधारण अडीच पट होते, जिम्नीत दोन पट, आणि वेग तितक्याच पटीने कमी. मग क्लच पूर्ण सोडूनही गाडी बैलाच्या चालीने चालते. चिखल खोल असेल तर लो रेंजचा दुसरा गियर, चाकं कमी उधळतात. एकदा क्लच सोडला की डावा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवायचा. चिखलात गियर बदलायचा नाही. बदलायला क्लच दाबला की तेवढ्या वेळात माती गाडीला धरते. वास आलाच तर थांबा, न्यूट्रल करा, पेडल सोडा, इंजिन चालू ठेवून थंड होऊ द्या. "थोडंच राहिलंय" म्हणून पुढे रेटणाऱ्यांच्या प्लेटा मी बदलतो.

इथे ऑटोमॅटिकचं कौतुक करतो, कारण ते करायला लोक लाजतात. नवशिक्या माणसाला काळ्या मातीत टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी सोपी जाते. जाळायला प्लेट नाही, चढावर बंद पडून मागे घसरणं नाही. मॅन्युअलला मर्दानी आणि ऑटोमॅटिकला बाईमाणसाची म्हणणारे दोनचार महाभाग प्रत्येक चहाच्या टपरीवर असतात. आमच्याकडे दोरी मागायला येणाऱ्यांत त्यांची संख्या कमी नाही.

पण तेलही तापतं. ऑटोमॅटिक रुतल्यावर डी, आर, डी, आर (पुढे, मागे, पुढे, मागे) करत गाडी झुलवणं आणि वर भरपूर रेस, हा गियरबॉक्सचा छळ आहे. गियर बदलण्याआधी चाक पूर्ण थांबू द्या. तापल्याचा इशारा आला तर इंजिन बंद करू नका. पी (पार्किंग) किंवा एनमध्ये (न्यूट्रल) चालू ठेवा, म्हणजे पंप तेल कूलरमधून फिरवत राहील.

उतारावर

मेळघाटच्या बाजूला, किंवा कुठल्याही नदीच्या काठाने खाली उतरताना, दोन्ही पक्षांची चूक एकच असते आणि दोघंही ती आपापल्या पद्धतीने करतात. मॅन्युअलवाला घाबरून क्लच दाबतो. क्लच दाबला की इंजिनचा गाडीवरचा ताबा सुटला, गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी पळते. मग ब्रेक, मग चाकं जाम, मग ओल्या मातीवर गाडी आडवी. उतारावर लो रेंजचा पहिला गियर टाकायचा आणि क्लच-ब्रेक दोन्ही पेडल विसरायची. या एका कामात मॅन्युअल अजूनही सरस आहे, कारण चाक आणि इंजिन एकमेकांना थेट जोडलेले असतात.

ऑटोमॅटिकवाला डीमध्येच उतरतो. गाडी आपल्या मनाने वरचा गियर टाकते आणि वेग वाढतो. लिव्हर मॅन्युअलवर किंवा एलवर (खालच्या गियरवर) घ्या, 4 एल लावा, हलका ब्रेक धरा. उतारावर गाडीचा वेग आपोआप आवरणारं हिल डिसेंट कंट्रोल असेल तर ते बटण वापरायला लाज कसली?

बाकीच्या, थोडक्यात

कोरड्या डांबरावर किंवा सिमेंट रस्त्यावर 4x4 लावून फिरवू नका. अशा पार्ट टाइम गाड्यांत पुढचे-मागचे शाफ्ट एकाच वेगाने बांधले जातात, वळणावर ते एकमेकांशी भांडतात.

ऑटोमॅटिक उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग ब्रेक सोडून बघा, मग पी. पीमधल्या छोट्याशा खिळीवर सगळं वजन टाकू नका.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गियरबॉक्सचा विचारच करायचा नाही, परत फिरायचं. थार 650 मिलिमीटर पाण्यातून जाते असं सांगतात, ते उभ्या पाण्याचं आहे. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑटोमॅटिकला धक्का मारून चालू करता येत नाही. बॅटरी बसली की खेळ संपला, म्हणून जम्पर केबल गाडीतच ठेवा. आणि ओढून न्यायची असेल तर चाकं उचलून न्या, किंवा ट्रान्सफर केसला न्यूट्रल असेल तर तिथे टाकून. इंजिन बंद असताना गियरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, सुका गियरबॉक्स फिरवत गावापर्यंत आणला की वेगळंच बिल होतं.

टायरची हवा चिखलात अठरा-वीसपर्यंत उतरवा आणि परत भरायला छोटा पंप ठेवा. अर्ध्या गाड्या एवढ्यानेच निघतील, आणि माझा फोन वाजणार नाही.

मग घ्यायची कोणती?

नोकरी नागपूर-अमरावतीला, महिन्यातून एकदोनदा वावरात चक्कर, घरात दोघं-तिघं चालवणारे: टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, लो रेंजसकट. रोज पांदणीतून जाणं, जवळचं सर्व्हिस सेंटर दोन-तीन तासांवर आणि गावातल्या मिस्त्रीवर भिस्त: मॅन्युअल. क्लच प्लेट आमच्यासारखा माणूस झाडाखालीही बदलून देतो, ऑटोमॅटिकचा गियरबॉक्स उघडायला मी हात लावत नाही. फोर्सची गुरखा हवी असेल तर निवडीचा प्रश्नच नाही, ती मॅन्युअलमध्येच येते आणि पुढे-मागे डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र बांधणारं कुलूप) घेऊन येते.

जुनी मॅन्युअल 4x4 घेत असाल तर सौद्याआधी एक करा. मोकळी सपाट जागा, इंजिन गरम, 4x4 काढलेलं, हँडब्रेक घट्ट, तिसरा गियर, आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर प्लेट ठीक आहे. घुरघुरत चालूच राहिलं तर आधीच्या मालकाने हाफ क्लचवर दिवस काढलेत. हे एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा नाही, आणि मग भाव पाडायला बसायचं.